सोलॅरिस अपग्रेड आणि व्हेरिटास व्हॉल्यूम मॅनेजर: आधी काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. स्पार्क प्रोसेसरचा सर्व्हर, त्यावर सोलॅरिस ९ ही ऑपरेटिंग सिस्टिम आणि व्हेरिटास व्हॉल्यूम मॅनेजर ३.५ (डिस्कच्या जागेतून व्हॉल्यूम, म्हणजे डिस्कसारखे वापरता येणारे भाग, बनवणारं सॉफ्टवेअर). आतल्या दोन डिस्कवर रूट (ऑपरेटिंग सिस्टिमचा भाग) एन्कॅप्सुलेट करून, म्हणजे आहे त्या जागी व्हेरिटासच्या ताब्यात देऊन, मिरर केलेला. डेटाबेस बाहेरच्या अ‍ॅरेवर, वेगळ्या डिस्क ग्रुपमध्ये (व्हेरिटास एकत्र सांभाळतो तो डिस्कचा संच). जायचंय सोलॅरिस १० वर. आधी ऑपरेटिंग सिस्टिम अपग्रेड करायची की आधी व्हेरिटास? आणि डेटाचे व्हॉल्यूम पाडून पुन्हा बांधावे लागतील का?

दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण झोप तोच उडवतो. एकही व्हॉल्यूम पाडावा लागत नाही. कुठला व्हॉल्यूम कुठल्या प्लेक्सचा (प्लेक्स म्हणजे व्हॉल्यूममधल्या डेटाची एक प्रत), त्या प्लेक्समध्ये कुठले सबडिस्क (डिस्कवरचे सलग तुकडे), ते डिस्कच्या कितव्या ब्लॉकपासून सुरू होतात, ही सगळी नोंद डेटा डिस्कवरच असते. व्हेरिटासच्या ताब्यातल्या प्रत्येक डिस्कवर एक छोटा प्रायव्हेट रीजन असतो आणि बाकीचा पब्लिक रीजन. ग्रुपची नोंद प्रायव्हेट रीजनमध्ये असते आणि तिच्या प्रती ग्रुपमधल्या एकापेक्षा जास्त डिस्कवर ठेवलेल्या असतात. सर्व्हरच्या आतल्या दोन्ही डिस्क उद्या कोऱ्या झाल्या, तरी नव्या सोलॅरिसवर व्हेरिटास टाकून ग्रुप इम्पोर्ट केला (सर्व्हरच्या ताब्यात घेतला) की डेटा जिथल्या तिथे मिळतो. कोणी ‘सुरक्षिततेसाठी’ डेटा व्हॉल्यूम पुन्हा बनवायला सांगत असेल तर त्याला सर्व्हरपासून चार हात लांब ठेवा.

खरी गोम रूट डिस्कमध्ये आहे. ‘आधी काय’ हा प्रश्न सगळे विचारतात, पण रूट व्हेरिटासच्या ताब्यातून सोडवल्याशिवाय त्या प्रश्नाला फारसा अर्थ नाही.

एन्कॅप्सुलेट करताना व्हेरिटास तुमचे रूट, स्वॅप, व्हार हे स्लाइस (डिस्कचे भाग) हलवत नाही. ब्लॉक जागेवरच राहतात आणि त्यांच्यावर रूटव्हॉल, स्वॅपव्हॉल असे व्हॉल्यूम उभे राहतात. डिस्कच्या व्हीटीओसीमध्ये (स्लाइसच्या यादीत) दोन नवे स्लाइस येतात, टॅग १४ चा पब्लिक रीजन आणि टॅग १५ चा प्रायव्हेट रीजन. प्रिंटव्हीटीओसी (टाइप करताना पीआरटीव्हीटीओसी) चालवून बघा, दोन्ही दिसतील. व्हीएफएसटॅब या, काय कुठून माउंट करायचं ते सांगणाऱ्या फाइलमधली रूटची ओळ व्हेरिटासच्या डिव्हाइसकडे वळते. शिवाय ईटीसीमधल्या सिस्टम फाइलमध्ये दोन ओळींची भर पडते: एक रूटडेव्ह (रूटचं डिव्हाइस) व्हेरिटासच्या व्हीएक्सआयओ ड्रायव्हरकडे वळवणारी, दुसरी ‘रूट हा व्हॉल्यूम आहे’ असं कर्नलला सांगणारी. बूट होताना सुरुवात साध्या स्लाइसवरूनच होते. या दोन ओळी वाचल्यावर रूटचा ताबा व्हेरिटासकडे जातो.

सोलॅरिसच्या इन्स्टॉलरला यातलं काहीच माहीत नसतं. सीडीवरून बूट झाल्यावर त्याला दिसतात फक्त स्लाइस. तो पहिल्या डिस्कचा स्लाइस शून्य माउंट करतो आणि त्यावर लिहीत सुटतो. दुसरी डिस्क, म्हणजे मिररचा दुसरा भाग, तशीच राहते. पुढे व्हेरिटास पुन्हा उभा राहिला तर त्याच्या नोंदीत दोन्ही प्लेक्स ‘ॲक्टिव्ह’ आहेत, म्हणजे तंतोतंत सारखे. सिंक करायचं कारणच त्याला दिसत नाही. वाचन मात्र तो दोन्ही प्लेक्सवर आळीपाळीने वाटतो. एक ब्लॉक नव्या सोलॅरिसचा, पुढचा जुन्याचा. अशा अवस्थेत कोणी एफएससीके (फाइल सिस्टिम तपासून दुरुस्त करणारी आज्ञा) चालवलं तर ते या खिचडीवरच ‘दुरुस्ती’ करतं आणि ती दुरुस्ती दोन्ही डिस्कवर उतरते. मग मात्र बॅकअपशिवाय गत्यंतर नाही.

मोठ्या अपग्रेडमध्ये बहुतेक वेळा गाडी इतकी पुढे जातच नाही, कारण जुना व्हीएक्सआयओ नव्या कर्नलवर लोड होत नाही आणि बूट तिथेच अडतं. पण हीच चूक छोट्या कामात सर्रास होते: सीडीवरून बूट करून एका डिस्कच्या स्लाइसवर पासवर्ड फाइल दुरुस्त करणे, एफएससीके चालवणे, पॅच टाकणे. रूट एन्कॅप्सुलेट असताना मिररच्या एका भागाला परस्पर हात लावला, तर दुसरा प्लेक्स काढून टाकेपर्यंत व्हेरिटासच्या रूटवरून बूट करायचं नाही. हा नियम अपग्रेडपुरता नाही.

आता क्रमाकडे. व्हेरिटासचे तीन मुख्य ड्रायव्हर, व्हीएक्सआयओ, व्हीएक्सडीएमपी आणि व्हीएक्सस्पेक, थेट कर्नलमध्ये बसतात आणि सोलॅरिसच्या प्रत्येक आवृत्तीसाठी वेगळे असतात. व्हेरिटास ३.५ सोलॅरिस १० वर चालत नाही, त्यामुळे ‘आधी सोलॅरिस, व्हेरिटासचं नंतर बघू’ हा मार्ग बंद. याउलट ५.० ही आवृत्ती सोलॅरिस ८, ९ आणि १० तिन्हींवर चालते. तिच्या पॅकेजमध्ये प्रत्येक सनओएस आवृत्तीचा ड्रायव्हर वेगळ्या फाइलमध्ये शेजारी शेजारी ठेवलेला असतो. कर्नल डिरेक्टरीतल्या ड्रायव्हरच्या फोल्डरमध्ये सनओएस ५.९, ५.१० अशा शेपट्या असलेल्या फाइली दिसतात त्या याच. (सोलॅरिस ९ म्हणजे सनओएस ५.९, १० म्हणजे ५.१०.)

म्हणून दोन रस्ते उरतात. दोन वेगवेगळ्या मेंटेनन्स विंडो मिळत असतील, तर पहिल्या खेपेला सोलॅरिस ९ वरच व्हेरिटास नव्या आवृत्तीवर न्या, काही दिवस चालू द्या, आणि दुसऱ्या खेपेला सोलॅरिस बदला. काही बिघडलं तर कशामुळे बिघडलं ते लगेच कळतं. एकच रात्र मिळणार असेल, तर डेटाचे ग्रुप डिपोर्ट करा (सर्व्हरच्या ताब्यातून सोडा), रूट सोडवा, जुनं व्हेरिटास पूर्ण काढा, सोलॅरिस १० करा, नवं व्हेरिटास टाका आणि ग्रुप इम्पोर्ट करा. माझा कल पहिल्या रस्त्याकडे, पण प्रॉडक्शनवाले दोनदा डाउनटाइम देतील अशी आशा धरू नका. ३.५ वरून तुम्ही निवडलेल्या आवृत्तीवर थेट उडी चालते का, ते त्या आवृत्तीच्या रिलीज नोट्समध्ये पाहून घ्या. मधला टप्पा लागत असेल तर दुसरा रस्ता आपोआप सोपा ठरतो.

तयारीतल्या बहुतेक गोष्टी तुम्हाला माहीत असतील: बॅकअप घ्या, आणि तो रिस्टोअर होतो हेही बघा. जे लोक विसरतात तेवढंच सांगतो.

पहिलं म्हणजे रूटडीजी. व्हेरिटास ४.० च्या आधी या नावाचा ग्रुप असलाच पाहिजे आणि त्यात किमान एक डिस्क हवीच, नाहीतर व्हेरिटासची नोंद सांभाळणारा व्हीएक्सकॉन्फिगडी नीट सुरूच होत नाही. या सक्तीमुळे पुष्कळ जुन्या सर्व्हरवर कोणीतरी डेटाच्या डिस्कही रूटडीजीमध्येच घातलेल्या असतात. ग्रुपची रचना दाखवणाऱ्या व्हीएक्सप्रिंटचं आउटपुट नीट वाचा. तुमच्याकडे तसं असेल तर तो ग्रुप इतर ग्रुपसारखा डिपोर्ट करता येणार नाही. नव्या व्हेरिटासमध्ये त्या ग्रुपचा आयडी देऊन नव्या नावाने इम्पोर्ट करावा लागेल. त्यासाठी व्हीएक्सडीजी लिस्टमधले ग्रुप आयडी आधीच लिहून ठेवा.

दुसरं, कॉन्फिगरेशनची नक्कल. प्रत्येक ग्रुपसाठी व्हीएक्सप्रिंट एच-एम-व्ही-पी-एस हे पर्याय लावून चालवा आणि आउटपुट फाइलमध्ये घ्या. वेळ आलीच तर व्हीएक्समेकला हीच फाइल देऊन व्हॉल्यूमची रचना पुन्हा उभी करता येते. सोबत व्हीएक्सडिस्क लिस्ट, दोन्ही रूट डिस्कचा व्हीटीओसी, व्हीएफएसटॅब, सिस्टम फाइल, नेम-टू-मेजर (ड्रायव्हरचे क्रमांक), पाथ-टू-इन्स्ट (डिव्हाइसचे क्रमांक), आणि कर्नलच्या ड्रायव्हर फोल्डरमधल्या सगळ्या कॉन्फ फाइली. हे सगळं दुसऱ्या मशीनवर ठेवा. याच सर्व्हरच्या रूटवर ठेवलेली नक्कल ऐन वेळी वाचता येत नाही.

कॉन्फ फाइलींचं नाव मुद्दाम घेतलं. सोलॅरिस ९ च्या काळात अ‍ॅरेचे लन (त्याने सर्व्हरला दिलेल्या डिस्क) दिसावेत म्हणून एसडी डॉट कॉन्फमध्ये हाताने ओळी लिहिण्याची पद्धत होती. अपग्रेडमध्ये ती फाइल बदलली गेली की अर्धे लन गायब होतात आणि माणूस दोष व्हेरिटासला देतो. सोलॅरिस १० मध्ये फायबर चॅनलचा सनचा स्टॅक आतच येतो. तुमचं कार्ड दुसऱ्या ड्रायव्हरवर चालत असेल तर तो नव्या सोलॅरिससाठी वेगळा मिळवावा लागेल.

तिसरं, लायसन्स. नव्या आवृत्तीला जुनी की चालेलच असं नाही. लायसन्सची माहिती देणाऱ्या व्हीएक्सलिकरेपचं आउटपुट घेऊन आधीच चौकशी करा, रात्री दोन वाजता की मिळत नाही.

कामाच्या रात्री ॲप्लिकेशन बंद, फाइल सिस्टिम अनमाउंट, डेटाचे ग्रुप डिपोर्ट. डिपोर्ट केल्याने डिस्कवरचा जुन्या होस्टचा शिक्का निघतो आणि पुढचं इम्पोर्ट विनातक्रार होतं. त्यानंतर शक्य असेल तर अ‍ॅरेच्या फायबर केबल सरळ काढून ठेवा. इन्स्टॉलरला जी डिस्क दिसतच नाही तिच्यावर तो चुकूनही लिहू शकत नाही. कितीही अनुभवी माणूस असला तरी मध्यरात्री डिस्कच्या नावातले सी-टी-डीचे आकडे वाचताना डोळा चुकतो.

मग रूट सोडवायचा. त्यासाठी व्हीएक्सअनरूट ही आज्ञा आहे, पण तिची अट अशी की रूट, स्वॅप, यूएसआर, व्हार, ऑप्ट, होम यांपैकी प्रत्येक व्हॉल्यूमचा एकच प्लेक्स उरला पाहिजे. म्हणजे मिररचे प्लेक्स व्हीएक्सप्लेक्सने डिसअसोसिएट करून आधी काढायचे. कुठला काढायचा इथे लक्ष द्या. पहिल्या डिस्कवर मूळ स्लाइस अजून आहेत, कारण ती एन्कॅप्सुलेट केली होती. दुसरी डिस्क कोरी करून ग्रुपमध्ये घेतलेली असते. तिच्यावर व्हार किंवा ऑप्टचे स्लाइस असतीलच असं नाही. नावात शून्य-एक आहे म्हणून तो प्लेक्स मूळ डिस्कवरचाच असेल असं गृहीत धरू नका; मधे कधी डिस्क बदलली असेल तर उलट झालेलं असतं. व्हीएक्सप्रिंटमध्ये सबडिस्कची ओळ बघा, ती कुठल्या डिस्कवर आहे ते बघा, त्या डिस्कचा व्हीटीओसी काढा आणि सबडिस्कची सुरुवात व लांबी स्लाइसशी जुळते का ते ताडून बघा. एन्कॅप्सुलेशननंतर कोणी रूट डिस्कवरचा एखादा व्हॉल्यूम वाढवला किंवा हलवला असेल तर ते जुळणार नाही. मग व्हीएक्सअनरूटच्या भरवशावर न राहता दुसऱ्या डिस्कवर नवे स्लाइस पाडून त्यांवर यूएफएसडंपने (फाइल सिस्टिमचा बॅकअप घेणाऱ्या आज्ञेने) नक्कल घेणंच शहाणपणाचं.

व्हेरिटासच्या जुन्या सीडींवर स्क्रिप्ट्सच्या फोल्डरमध्ये अपग्रेड-स्टार्ट आणि अपग्रेड-फिनिश अशी जोडी मिळते. पहिली रूट स्लाइसवर आणते, दुसरी अपग्रेडनंतर पूर्वस्थिती लावते. अपग्रेड-स्टार्टला चेक हा पर्याय देऊन चालवून बघा, ती काहीही न बदलता अडचणी सांगते. तपासणीसाठी ती उत्तम आहे. प्रत्यक्ष काम मी हाताने करतो, कारण स्क्रिप्ट मधेच थांबली तर ती नेमकी कुठवर पोचली होती हे शोधण्यात जास्त वेळ जातो.

रूट सोडवल्यावर लगेच सीडी घालू नका. आधी सोलॅरिस ९ वरच एकदा रीबूट करा. डीएफमध्ये रूट साध्या डिस्क डिव्हाइसवरून आलेला दिसला पाहिजे, स्वॅपच्या यादीत स्वॅपव्हॉल नको, डंपॲडमही (क्रॅश डंपची जागा) साध्या स्लाइसकडे वळलेलं हवं. सिस्टम फाइलमधल्या त्या दोन ओळी गेल्या आहेत का बघा. हाताने कॉमेंट करायची वेळ आली तर त्या फाइलमध्ये कॉमेंटचं चिन्ह तारा आहे, हॅश नाही; सवयीने हॅश टाकणारे खूप. आणि ही फाइल बिघडून बूटच होईना, तर ओके प्रॉम्प्टवर बूटला ए हा पर्याय द्या. सिस्टम फाइलचं नाव विचारलं की डेव्ह-नल द्या, कर्नल त्या फाइलशिवाय वर येतो.

आता दुसरी डिस्क मोकळी आहे. तिचा उपयोग परतीच्या तिकिटासारखा करा. तिच्यावर पहिल्या डिस्कसारखेच स्लाइस पाडा, यूएफएसडंप आणि यूएफएसरिस्टोअरने सोलॅरिस ९ ची नक्कल घ्या, इन्स्टॉलबूटने बूट ब्लॉक टाका, त्या नकलेतला व्हीएफएसटॅब दुसऱ्या डिस्ककडे वळवा आणि तिच्यावरून एकदा प्रत्यक्ष बूट करून बघा. बूट करून न पाहिलेली नक्कल हिशेबात धरू नका. या डिस्कला अपग्रेड संपेपर्यंत हात लावायचा नाही.

सोलॅरिसचं लाइव्ह अपग्रेड (सर्व्हर चालू असतानाच दुसऱ्या डिस्कवर अपग्रेड) वापरणार असाल तर तोच खेळ उलटा: एलयूक्रिएटने दुसऱ्या डिस्कवर नवं बूट एन्व्हायरन्मेंट करा, एलयूअपग्रेडने त्यात सोलॅरिस १० टाका, एलयूॲक्टिव्हेटने ते पुढच्या बूटसाठी नेमा. डाउनटाइम बराच वाचतो. दोन पथ्यं आहेत. लाइव्ह अपग्रेडची पॅकेजेस ज्या आवृत्तीवर जायचंय तिच्या सीडीवरची हवीत, चालू सोलॅरिसची नकोत. आणि एलयूॲक्टिव्हेटनंतर सर्व्हर इनिट ६ किंवा शटडाउनने खाली घ्यायचा. रीबूट किंवा हॉल्ट वापरलं तर बदल करणाऱ्या स्क्रिप्ट चालतच नाहीत आणि तुम्ही पुन्हा जुन्याच सोलॅरिसमध्ये येऊन पडता. व्हेरिटास ५.० पासून यासाठी व्हीएक्सएलयूस्टार्ट आणि व्हीएक्सएलयूफिनिश या तयार स्क्रिप्टही आहेत.

सोलॅरिसच्या अपग्रेडबद्दल सांगण्यासारखं विशेष नाही. अपग्रेड करा, शिफारस केलेले पॅच टाका, रीबूट करा, व्हेरिटासची पॅकेजेस टाका.

त्यानंतर केबल जोडा. व्हीएक्सइन्स्टॉल चालवताना एक धोक्याची जागा आहे. नव्या आवृत्त्यांत ते मोजके प्रश्न विचारतं, पण ४.० च्या आधीच्या आवृत्तीत ‘क्विक’ निवडलं तर ते दिसेल ती डिस्क एन्कॅप्सुलेट किंवा इनिशिअलाइझ करायला निघतं. तिथे कस्टम निवडायचं आणि प्रत्येक कंट्रोलरला ‘या डिस्कना हात लावू नको’ हा पर्याय द्यायचा.

व्हीएक्सडिस्क लिस्टला ऑलडीजीज हा पर्याय दिला की डिपोर्ट केलेल्या ग्रुपची नावं कंसात दिसतात. ती दिसली की अर्धी लढाई जिंकली. एखाद्या डिस्कपुढे ‘ऑनलाइन इनव्हॅलिड’ किंवा ‘एरर’ दिसलं तर कीबोर्डवरून हात काढा. याचा अर्थ प्रायव्हेट रीजन वाचता आला नाही, एवढाच. कारण बहुतेक वेळा पाथ, ड्रायव्हर किंवा लेबल हे असतं, डेटा तिथेच असतो. ‘डिस्क इनव्हॅलिड दिसतेय म्हणून इनिशिअलाइझ केली’ हे वाक्य ज्यांच्या तोंडून ऐकलंय, त्यांना पुढे टेपच शोधावी लागली आहे.

मल्टिपाथिंगचं (एकाच डिस्ककडे जाणारे अनेक मार्ग सांभाळण्याचं) एकच ठरवा. स्पार्कवर सोलॅरिस १० मध्ये फायबर चॅनलसाठी त्याचं स्वतःचं मल्टिपाथिंग एमपीएक्सआयओ आपोआप चालू नसतं, ते एसटीएमएसबूटने चालू करावं लागतं. आजवर व्हेरिटासचं डीएमपी वापरत असाल तर अपग्रेडच्या रात्री तेच राहू द्या. कंट्रोलरचे आकडे बदलले तरी व्हेरिटासला फरक पडत नाही, तो डिस्क तिच्या आतल्या आयडीवरून ओळखतो.

ग्रुप इम्पोर्ट करा, मग व्हीएक्सव्हॉल स्टार्टऑल चालवा. जुन्या आवृत्त्यांत इम्पोर्टनंतर व्हॉल्यूम आपोआप सुरू होत नाहीत आणि ‘डिसेबल्ड’ दिसल्यावर लोक उगीच घाबरतात. फाइल सिस्टिम तपासा, माउंट करा. इम्पोर्ट ‘दुसऱ्या होस्टकडे आहे’ म्हणून अडला, तर मोठा सी हा पर्याय तो शिक्का पुसतो. डिपोर्ट करायचं राहून गेलं किंवा होस्टनेम बदललं की असं होतं. पण अ‍ॅरे क्लस्टरमध्ये सामायिक असेल तर हा पर्याय वापरण्याआधी दुसऱ्या नोडवर जाऊन ग्रुप खरंच तिथे चालू नाही ना, हे स्वतः बघा. दोन होस्टनी एकच ग्रुप एकाच वेळी लिहिला तर काय होतं ते मिररच्या गोष्टीत वाचलंच आहे.

डेटाबेस रॉ (फाइल सिस्टिम नसलेल्या) व्हॉल्यूमवर असेल तर मालकी तपासा. चओनने दिलेली मालकी रीबूटनंतर टिकत नाही. व्हीएक्सएडिटने यूझर, ग्रुप आणि मोड सेट केले तर ते ग्रुपच्या नोंदीतच बसतात आणि इम्पोर्टसोबत येतात. आणि हा सर्व्हर एनएफएसवर काही शेअर करत असेल, तर जुन्या नेम-टू-मेजर फाइलमधला व्हीएक्सआयओचा आकडा नव्याशी ताडा. तो बदलला असेल तर क्लायंटवर ‘स्टेल फाइल हँडल’ची रांग लागते आणि त्यांना पुन्हा माउंट करावं लागतं.

ग्रुपची आणि फाइल सिस्टिमची आवृत्ती त्या रात्री वाढवू नका. ३.५ मध्ये बनलेला ग्रुप ९० व्या आवृत्तीचा असतो, ५.० ची आवृत्ती १४०. नवं व्हेरिटास ९० चा ग्रुप विनातक्रार चालवतं. व्हीएक्सडीजी अपग्रेड चालवलं की मात्र ३.५ ला तो ग्रुप इम्पोर्टच करता येत नाही आणि मागे फिरायला आज्ञा नाही. म्हणजे दुसऱ्या डिस्कवर जपून ठेवलेलं सोलॅरिस ९ त्या क्षणी निरुपयोगी होतं. व्हीएक्सएफएस या व्हेरिटासच्या फाइल सिस्टिमच्या लेआउटचंही तसंच, व्हीएक्सअपग्रेड एकाच दिशेने जातं. एफएसटिप व्ही पर्याय देऊन चालवा, आत्ताचा लेआउट कळेल. नव्या आवृत्तीला तो चालतो ना, एवढं आधी बघून ठेवा. महिन्याची सगळी मोठी कामं, बॅचेस, बॅकअप नव्या सोलॅरिसवर एकदा पार पडू द्या.

ते झाल्यावर रूट पुन्हा एन्कॅप्सुलेट करायचा का, असं तुम्ही विचारणारच. करू नका. सोलॅरिस व्हॉल्यूम मॅनेजर सोलॅरिस ९ पासून आतच येतो आणि रूट मिरर करायला तो पुरेसा आहे. सोलॅरिस १० ची १०/०८ किंवा पुढची आवृत्ती टाकली असेल तर झेडएफएस या फाइल सिस्टिमवरचा रूटही घेता येतो. व्हेरिटास डेटासाठी ठेवा. सोलॅरिस ११ वर जायची वेळ येईल तेव्हा १० वरून जागच्या जागी अपग्रेड करताच येत नाही आणि रूट झेडएफएसवरच लागतो, त्यामुळे तेव्हा नव्याने इन्स्टॉल करून डेटाचे ग्रुप फक्त इम्पोर्ट करायचे राहतील. दुसरी डिस्क मिररमध्ये घ्यायची ती ग्रुपची आवृत्ती वाढवायचं ठरेल त्याच दिवशी. तोवर तिच्यावरचं सोलॅरिस ९ तसंच राहू द्या.